पंगत उठवण्याचं बटण

गेम सुरू झाला आणि पहिल्या मिनिटातच मला मळमळायला लागलं. हे मी गमतीने म्हणत नाही, खरंच मळमळलं. पडद्यावर केळीचं पान होतं. पानावर श्रीखंडाचा गोळा होता आणि त्याचा रंग, पोत, चकाकी बघून वाटत होतं की कुणीतरी बांधकामावरचं सिमेंट आणून थापलंय. शेजारी वरण आणि मठ्ठा, दोघांचा रंग एकच. वाढणाऱ्या बाईच्या हाताला सहा बोटं होती आणि तिची नथ गालात रुतून बसली होती. मागे सनई वाजत होती. तिचा एक तुकडा संपला की क्षणभर शांतता, मग पुन्हा तोच तुकडा, पुन्हा शांतता, उचकी लागल्यासारखी. सनईचा एवढा राग मला कुठल्याही लग्नात आला नव्हता.

"कसं वाटतंय मॅडम?" राणीने विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आत्ता बोलले तर वाईट बोलेन."

राणी ही माझ्या मुलीची, तन्वीची, गणिताची बाई. पालकसभेनंतर तिने मला शाळेच्या जिन्यात गाठलं होतं. माझा पोटापाण्याचा धंदा मोबाइलवरचे गेम बनवण्याचा. इथे हैदराबादच्या हायटेक सिटीतल्या एका कंपनीत मी डिझाइनचा विभाग बघते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. हे राणीला तन्वीकडून कळलं होतं. "मेधामॅडम, आमच्या ह्यांनी एक गेम केलाय," ती म्हणाली. "त्याच्यापायी बँकेतली नोकरी सोडायची म्हणूलालेत. आपल्या मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्यात गेम दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा, असं ठरवलंय. तुम्ही एकदा बघा आणि खरं ते सांगा. आमच्याकडं कुणीच खरं बोलत नाही. जो बघतो तो वा वा करतो." मुलीच्या गणिताच्या बाईंना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून एका रविवारी सकाळी हिमायतनगरहून निघून मी चिक्कडपल्लीत त्यांच्या घरी येऊन बसले होते.

राणीचा नवरा कुलदीप माझ्या खुर्चीच्या मागे उभा होता. तिशीतला, अंगाने जाडसर, बोलायला अगदी नरम माणूस. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता, तेव्हा गेम लिहिण्यापुरतं डोकं त्याला होतं. पण कुणी आपला गेम खेळत असताना त्याच्या मानेवर श्वास सोडत उभं राहू नये, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. खिडकीशी त्याचे वडील भगवंतराव बसले होते. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. ही मंडळी मूळची भालकीकडची, जुन्या हैदराबाद संस्थानातली शेतकरी माणसं. अण्णांनी मलकपेठेत बियाण्यांचं दुकान काढलं आणि ते आयुष्यभर चालवलं. मग अर्धांगवायूचा झटका आला, दुकान बंद झालं. आता उजवा हात मांडीवर ठेवून ते आमच्याकडे बघत होते.

गेमचं नाव 'पंगत'. कल्पना अशी की आपण वाढपी. पाहुणे ओळीने बसलेत, प्रत्येकाच्या पानावर प्रत्येक पदार्थ जागच्या जागी वाढायचा. मीठ पानाच्या वरच्या कडेला, त्याच्याजवळ लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. आमच्याकडे पुण्यातही असंच वाढतात, त्यामुळे मला काही शिकायचं नव्हतं. तरीही मला मीठ वाढता येईना. बोटाने मीठ ओढायचं, तर ते मीठ बोटाखालीच झाकलं जाई. केसभर इकडेतिकडे पडलं की भांडं आपटल्याचा खणखणाट होई, पूर्ण पान पुसलं जाई आणि ती सहा बोटांची बाई स्वयंपाकघरातून पुन्हा निघे. ती चालत येई. पूर्ण पडदाभर, एकेक पाऊल टाकत. तोपर्यंत आपण काय करायचं? तिच्याकडे बघायचं. मी बघत होते आणि माझा संताप वाढत होता.

कसंबसं वाढून झालं. पाहुणे जेवायला लागले. त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मी गेम थांबवला.

"कुलदीप, हे बघा. तुम्ही एकच माणूस काढलाय आणि तोच उलटा करून दुसरीकडे बसवलाय. आरशातल्यासारखा."

"हौ मॅडम. जागा वाचते."

"जागा वाचते, पण तुमचे निम्मे पाहुणे डाव्या हाताने जेवतायत."

कुलदीपचा चेहरा पडला. त्याने आधी पडद्याकडे बघितलं आणि मग वडिलांकडे. राणीच हळूच म्हणाली, "अण्णा डाव्या हातानं जेवत नाहीत ना मॅडम. उजव्याची बोटं नीट मिटत नाहीत, डॉक्टर म्हणाले डावा वापरा, नाही तर चमचा घ्या. दोन्ही नक्को म्हणतात. उजव्यानंच जेवतात, म्हणून वेळ लागतो." मी मान डोलावली आणि पुढे खेळायला घेतलं. खरं तर मला ते तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. मला कोशिंबिरीची काळजी होती, तिच्यातून धूर निघत होता.

सगळे पदार्थ संपले. पानं रिकामी झाली. पाहुणे हात पानावर धरून नुसते बसले. मी पडद्यावर टिचकी मारली. काही नाही. दुसरीकडे मारली. काही नाही. सनईची उचकी चालूच. एक पाहुणा डोळे मिचकावत होता, बाकीचे तेवढंही करत नव्हते. मी फोन टेबलावर ठेवला.

"हँग झाला."

"हँग नाही मॅडम," कुलदीप म्हणाला. "आजोबा जेवूलालेत अजून."

"कोण आजोबा?"

"शेवटच्या पानावरचे."

मी पुन्हा बघितलं. पडद्यावर आजोबा नव्हते. ओळीतलं शेवटचं पान पडद्याच्या कडेला अर्धं कापलं गेलं होतं, त्यापुढे काही नव्हतं.

"ते दिसत नाहीत," कुलदीप म्हणाला. "त्या टोकाला बसलेत, बाहेर. फोन आडवा लहान पडतो ना. पण आहेत ते. त्यांचं झालं की पंगत उठते."

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. न दिसणाऱ्या माणसाचं जेवण होईपर्यंत खेळणाऱ्याला बसवून ठेवणारा गेम मी पहिल्यांदाच बघत होते. "किती वेळ लागतो त्यांना?"

"अण्णांना लागतो तेवढाच लावलाय."

"म्हणजे खरोखरचा तेवढा वेळ?"

"हौ. घड्याळ लावून घेतला होता."

"आणि हा गेम आधी कुणाकुणाला खेळायला दिलात?"

"सगळ्यांना. मामा, मावशी, भालकीचे चुलते, भाचे, झाडून सगळे खेळले. कुणीच बोललं नाही हँग होतो म्हणून."

"मग या ठिकाणी आल्यावर त्यांनी काय केलं?"

"बसले," कुलदीप म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळेना.

त्याच्या घरात सगळ्यांत हळू जेवणाऱ्याचं होईपर्यंत पंगतीतून कुणी उठत नाही. हात वाळले तरी उठत नाही. आमच्याकडेही माझ्या आजोबांच्या काळात असंच होतं, मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण हे खानदानच्या खानदान मोबाइल हातात धरून, न दिसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी पडद्यासमोर गुमान बसून राहिलं आणि एकालाही शंका आली नाही, हे ऐकून मी हसले. हसले आणि मग चिडले. कारण हा माणूस या असल्या परीक्षेच्या जोरावर नोकरी सोडणार होता.

मग मी बोलले. फार बोलले. म्हटलं, तुमच्या गेमला आधी चेहरा नाही, जो आहे तो कॉम्प्युटरकडून फुकट काढून घेतलेला आणि घाणेरडा आहे. बोटं मोजायचे कष्टही तुम्ही घेतले नाहीत. खेळणारा चुकला की त्याला शिक्षा करता, बरोबर केलं तर त्याला कळूही देत नाही. गुण कुठे दिसत नाहीत. सुरुवातीला पानभर सूचना वाचायला लावता आणि जी एक सूचना खरी गरजेची आहे ती देत नाही. आणि शेवटी त्याला काहीही काम न देता बसवून ठेवता. लोक दोन क्षण थांबत नाहीत हो, गेम काढून टाकतात आणि विसरून जातात. तुमच्या मामाचं सोडा, मामा तुमचा आहे. नोकरी अजिबात सोडू नका.

राणीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. ते मला ऐकू आलं आणि बरं वाटलं. कुलदीप खाली बघत होता. त्याला वाईट वाटलं होतं, पण त्याने वाद घातला नाही. वाद घालणारे मला चालतात, गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं ते कळत नाही.

"आणि सुधारला तर?" शेवटी त्याने विचारलं.

"चित्रं नव्याने काढा. डावे हात आधी बदला. आजोबांना पडद्यावर आणा. आणि एक बटण द्या, पंगत उठवा असं. ज्याला थांबायचंय तो थांबेल. ज्याला नाही थांबायचं तो दाबेल आणि पुढच्या पंगतीकडे जाईल."

"पण आजोबांचं जेवण राहतं की मग."

"कुलदीप, ते चित्र आहे. चित्राला भूक लागत नाही."

खिडकीशी खुर्ची किंचित करकरली. अण्णा पुढे वाकले होते. त्यांच्या तोंडाची एक बाजू नीट हलत नसे, त्यामुळे ते सावकाश आणि ठसठशीत बोलत.

"ताई बरोबर बोलूलाल्या," ते म्हणाले. "लोकांना किती बसवून ठेवावं माणसानं? ज्याची त्याची कामं असतात. बटण लाव."

मला वाटलं, घरात एक तरी शहाणं माणूस आहे. राणी जेवूनच जा म्हणत होती. मला घरी कामं होती, मी निघाले.

त्यानंतर कुलदीपने मला हैराण केलं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत त्याचे निरोप यायचे. श्रीखंड हे बघा, आता कसं वाटतं? वरण जास्त पिवळं झालं का? मी एखाददुसऱ्या वाक्यात उत्तरं द्यायची. माणूस हट्टी होता, पण सांगितलेलं ऐकत होता. सहावं बोट गेलं. बाई भराभर चालायला लागली. सगळे पाहुणे उजव्या हाताने जेवू लागले. सनई मात्र त्याला शेवटपर्यंत नीट जोडता आली नाही.

मेळाव्याच्या आठवड्यात त्याने पूर्ण गेम पाठवला. आजोबा आता पडद्यावर दिसत होते. पांढरी टोपी, बारीक मान, एकेक घास गोळा करत बसलेले. खाली लाल बटण, पंगत उठवा. मी दाबलं. दोन पोरं धावत आली, आजोबांच्या पुढचं भरलेलं पान ओढून घेतलं आणि पळाली. आजोबांचा हात घासासकट तोंडापाशी तसाच राहिला. मग टोपी घसरून डोळ्यांवर आली, फुस्स असा आवाज झाला आणि पुढची पंगत बसली.

मी त्याला फोन केला. "हे पान ओढून नेणं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच मॅडम. बटण दाबलं की काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे म्हणालात. नाही तर दाबलं ते कळत नाही."

म्हणाले होते. नियम म्हणून ते बरोबरही आहे. गेम अजून वाईट होता, पण आता वाईट गेमसारखा वाईट होता, काही विचित्र रोग झाल्यासारखा नव्हता. "आता बरा आहे," मी म्हटलं. "नोकरीचं मात्र मी सांगितलं तेच." तो हौ म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं की पहिलं वाक्य त्याने ऐकलं आणि दुसरं ऐकलंच नाही.

मेळावा चिक्कडपल्लीतल्या एका हॉलमध्ये होता, भर दुपारी. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांची मला मुळातच चीड आहे. तिथे काहीही करा, टाळ्या मिळतात. बेसूर गा, टाळ्या. नाटकात वाक्य विसरा, टाळ्या. पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेले आम्ही लोक एका बाजूला बसतो, इथली जुनी मराठी घरं दुसऱ्या बाजूला बसतात. दोन्हीकडे सारखंच कौतुक उतू जात असतं आणि घरी जाताना सारखीच निंदा चालते. अध्यक्ष हिम्मतरावांनी माइक हातात घेऊन सांगितलं की आपल्या कुलदीपने आपल्या संस्कृतीवर गेम बनवला आहे. गेम सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले.

मोठ्या पडद्यावर श्रीखंड आणखीच भयंकर दिसत होतं. मोठी माणसं वा वा करत शेजारच्याशी बोलायला लागली. मुलं मात्र पुढे सरकली आणि पहिल्याच पंगतीला एका मुलाच्या हाताला ते लाल बटण लागलं.

पोरं धावत आली, पान ओढलं, आजोबांची टोपी डोळ्यांवर आली, फुस्स. हॉल हसला. मुलांनी दुसऱ्यांदा केलं. हॉल जास्त हसला. आता कुणी मीठ, लिंबू, भाजी नीट वाढेचना. कसंही वाढायचं, आजोबा घास उचलायला लागले की बटण दाबायचं, एवढंच. मुलांची रांग लागली. "तातय्या को उठाव! तातय्या को उठाव!" असा ओरडा सुरू झाला. तातय्या म्हणजे तेलुगूत आजोबा. आमची ही मराठी पोरं खेळताना हिंदी-तेलुगूच बोलतात. मागे बसलेले बाप्येसुद्धा बटणाच्या तालावर टाळ्या द्यायला लागले. एका काकूंना हसून हसून ठसका लागला.

मला किळस आली. चित्रांची नव्हे, ती आता बरी होती. तो घास धरलेला हात तोंडापाशी यायचा, थांबायचा, आणि शंभर माणसं खदखदायची. पुन्हा हात, पुन्हा हसू. मी उठून त्या पोराच्या हातातून फोन घ्यायला हवा होता. मी बसून राहिले. गेम चालला होता, आणि कशामुळे चालला होता ते मला पक्कं माहीत होतं.

पुढच्या ओळीत भगवंतराव बसले होते. त्यांची नजर पडद्यावर होती. ते हसत होते की नाही हे माझ्या जागेवरून कळत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून ते एरवीही चटकन कळत नाही. कुलदीप पडद्याशेजारी उभा होता. त्याचा चेहरा असा फुलला होता की त्याच्याकडे बघवेना. पहिल्यांदाच परकी माणसं त्याचा गेम पुन्हा पुन्हा मागत होती. हिम्मतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माइकवर जाहीर करून टाकलं, "कुलदीपराव उद्या बँकेला रामराम करणार आहेत! यापुढे फक्त गेम!" टाळ्याच टाळ्या. राणी खुर्चीवर ताठ बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं, पण तिथे माझं कोण ऐकत होतं?

मग जेवण. मंडळात वर्षातून एकदा हौसेने जमिनीवर सतरंज्या घालून पंगत करतात. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी ओळीच्या टोकाला खुर्च्या आणि छोटी टेबलं मांडतात. तिथे भगवंतराव बसले. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली. मंडळाची तरुण माणसं वाढत होती. कुलदीप वरण-भाताचं भांडं घेऊन फिरत होता, अजून हसत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं अभिनंदन घेत होता.

मी अण्णांना जेवताना प्रथमच बघत होते. आधी ते हात पानावर नेत. मग बोटं भातात टेकवून मिटायचा प्रयत्न करत. अंगठा येई, शेजारचं बोट येई, बाकीची मागे राहत. अर्धी शितं निसटून जात. ती पुन्हा गोळा करत. घास तोंडाशी येईपर्यंत त्यात फार थोडं उरलेलं असे. तरी डावा हात मांडीवरून हलला नाही. त्यांनी असे थोडेसे घास घेतले. पानावर सगळं तसंच होतं, मूद नुसती एका बाजूने कोरल्यासारखी दिसत होती. माझी पहिली पोळीसुद्धा संपली नव्हती. तेवढ्यात त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, खाली ठेवला आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागले.

"काका, काही हवंय का?" मी विचारलं.

"झालं माझं."

समोरून कुलदीप भांडं घेऊन येत होता. त्याने आधी पानाकडे बघितलं. "अण्णा, अजून भात तसाच आहे की. बसा."

"बास. पोट भरलं."

"अण्णा, पंगत बसलेली आहे. असं मधून उठतात का? बसा, मी थांबतो. सगळे थांबतील, तुमचं होऊ द्या."

"कशाला थांबतील?" भगवंतराव म्हणाले. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगत होते. "बटण आहे ना तुझ्याकडं. दाब."

कुलदीपच्या हातात डाव होता आणि डावातून वरण त्याच्या पायावर ठिबकत होतं. त्याला ते कळलं नाही. जवळच्या दोघाचौघांनी ऐकलं आणि खाली मान घातली. पलीकडे मठ्ठ्याला मीठ कमी आहे म्हणून कुणीतरी ओरडत होतं. अण्णा भिंतीला धरून हात धुवायला निघाले. राणी पानावरून उठून त्यांच्यामागे गेली.

मी हातातला घास पानावर ठेवला. त्या सहा बोटांच्या बाईची मला जेवढी शिसारी आली होती, तेवढी या क्षणी स्वतःची आली. चित्राला भूक लागत नाही, हे मी त्या माणसाच्या घरात, त्याच्यासमोर बसून म्हटलं होतं. आणि मी बरोबर होते, हे जास्तच चीड आणणारं होतं. कुठल्याही गेमच्या बैठकीत, कुणाच्याही गेमबद्दल मी हेच म्हणाले असते.

कुलदीपने राजीनामा दिला नाही. दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला आणि दुपारी मला त्याचा निरोप आला, बटण काढलं. सोबत गेम होता. मी खेळून बघितला. श्रीखंड अजून वाईट, सनईची उचकी तशीच, आणि शेवटी पुन्हा ते बसून राहणं. हा गेम कुणी खेळणार नाही, हे माझं मत आजही कायम आहे. मी आजोबांचं जेवण होईपर्यंत थांबले नाही. फोन पालथा घातला.

पुढे बऱ्याच दिवसांनी तन्वीला आणायला गेले तेव्हा शाळेच्या फाटकात राणी भेटली. उन्हात डोळ्यांवर वही धरून उभी होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं नोकरी वाचली. तुम्ही खरं बोललात म्हणून झालं."

"माझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "अण्णा कसे आहेत?"

"तब्येत बरी आहे." तिने डोळ्यांवरची वही खाली घेतली. "जेवत नाहीत पण नीट. सगळ्यांच्या आधी उठतात आता. पहिला भात पण संपवत नाहीत. आम्ही म्हणतो, अण्णा, आम्ही बसलोत की, निवांत जेवा. भूक नाही म्हणतात."

"बटण काढलंय हे कळलंय का त्यांना?"

"हौ तर. ह्यांनी जेवताना फोन नेऊन दाखवला, हे बघा अण्णा, काढून टाकलं म्हणून. चांगलं केलंस म्हणाले," राणी म्हणाली, "आणि उठले."